चार पाय, एक पलंग

दर मंगळवारी मी होडीने जाते त्या बेटावर.
पिशवीत मलम, जाळीची पट्टी, बँडेजची चार भेंडोळी
आणि नाडी ऐकायचं मुठीएवढं यंत्र.
एतेल्विना दारातच बसलेली असते,
उजवा पाय पालथ्या बादलीवर.

सव्वीस वर्षं ती सॅमन कापायच्या कारखान्यात उभी होती,
ओल्या फरशीवर, रबरी बुटांत,
आठ तास, हंगामात दहा.
बसायला मनाई नव्हती,
खुर्चीच नव्हती.

हृदयाचं काय, ते रक्त खाली ढकलून मोकळं होतं.
परत वर आणायचं काम पोटरीचं.
पाऊल उचललं की ती आवळते,
शिरांमधली इवली दारं वरच्या अंगाला उघडतात
आणि रक्त एक पायरी चढतं.
माणूस एका जागी उभा राहिला की सगळं थांबतं.
दारं ढिली पडतात, रक्त माघारी येतं,
घोट्याशी तुंबतं,
कातडी चिंचोक्यासारखी होते, तपकिरी आणि टणक,
मग एक दिवस
मांजराचं नखही पुरतं.

जखम आता शंभर पेसोच्या नाण्याएवढी.
मार्चमध्ये माझा तळहात मावत होता तिच्यात.
मी बोटांच्या मुळापासून गुंडाळत जाते,
खाली घट्ट, वर हलकं, गुडघ्याच्या खाली थांबते.
"आवळ गं अजून," ती म्हणते, "बरं वाटतं."

तिचा नवरा रुदेसिंदो होड्या बांधायचा.
चाळीस पावलं चालला की कुंपणाला टेकायचा,
समुद्र बघायचा, एक सिगारेट, मग पुढची चाळीस.
आम्हाला वाटायचं, समुद्राचं वेड.
रात्री ती पाय बटाट्याच्या पोत्यावर उंच ठेवते,
तो आपला पलंगाखाली सोडतो.
"उलट्या डोक्याचा आहे," ती हसून सांगायची.
मीही हसले होते.
ते हसू मला अजून पचलेलं नाही.

जुलैत वादळ आलं, बंदर बंद झालं.
दोन मंगळवार गेले.
तिसऱ्याला मी पोचले तर तिच्याऐवजी तोच खुर्चीत,
घामाघूम,
डाव्या पायाला माझंच बँडेज,
धुऊन, वाळवून, नीट, बोटांच्या मुळापासून.
"रात्रभर विव्हळायचा," ती म्हणाली.
"मला गुण आला, म्हटलं त्यालाही येईल."

मी कात्री घातली. उलगडत बसायला वेळ नव्हता.
बोटं मेणबत्तीसारखी.
नखावर अंगठा दाबून सोडला आणि मोजायला लागले,
तीन, चार, पाच, सहा,
रंग परतेना.
तिच्या पायात यंत्र लाटेसारखं बोलतं, धप्प, सर्र, धप्प.
त्याच्या पायात नुसती खरखर,
मग फार दूर कुणीतरी
कुजबुजल्यासारखं.
दंडात दाब एकशे चाळीस, घोट्यात पंचावन्न.

तिचं रक्त वर चढत नव्हतं, म्हणून आवळायचं.
त्याचं खाली पोचतच नव्हतं,
त्याला आवळणं म्हणजे उरलेला घोटही हिसकावणं.
हे एवढं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.
तिनं विचारलं नव्हतं.
त्यानं माझ्यासमोर कधी बूट काढला नव्हता.

"मीच केलं का हे?" तिनं विचारलं.
नाही म्हटलं. धूर, साखर, वर्षं, सगळं मोजून दाखवलं.
नळ्या कधीच्या गंजल्या होत्या.
ती माझ्या हातातल्या कापलेल्या बँडेजकडे बघत राहिली.

कास्त्रोला न्यायला होडी बोलावली.
नावाड्यानं मायेनं जॅकेटची घडी केली,
पायाखाली उशी म्हणून सारली.
मी ती ओढून काढली.
"खाली राहू दे. त्याला पाय खालीच लागतो."
रुदेसिंदोनं डोळे मिटले,
इतक्या वर्षांत कुणी त्याची बाजू घेतल्यासारखे.

इंजिन सुरू झालं. मी मागे वळून पाहिलं.
धक्क्यावर ती उभी नव्हती.
या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती,
टाच उचलून, टाच टेकवून.
मीच सांगितलं होतं तिला,
काहीही झालं तरी
एका जागी उभी राहू नकोस.